आमच्या मागचा प्लॉट, खिडक्या नसलेली इमारत आणि 'सबब'

खाडीकाठची (धागाकर्ती)

मंडळी, हा धागा थोडा तक्रारीचा, थोडा मदत मागण्याचा. लांबला आहे, आधीच माफी.

ऐरोलीत राहून २२ वर्षं झाली. आम्ही आलो तेव्हा संध्याकाळी वारा फिरला की रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आता वास गेला. त्यातल्या बऱ्याच प्लॉटांवर करड्या, बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात. गेटवर पाटी नाही, असली तर तीन अक्षरं. गच्चीवर पंख्यांच्या रांगा, मागे कंटेनरएवढे जनरेटर. मराठी आंतरजालाच्या जुन्या रीतीप्रमाणे 'विदागार' म्हणणार होते, पण आमच्या नाक्यावरचा रिक्षावालाही 'डेटा सेंटरला जायचंय का' असंच विचारतो, तेव्हा तेच.

आमच्या मागच्या प्लॉटवर असंच एक येतंय. माझा विरोध नाही, हे आधीच लिहिते. घरात दोन पोरं दिवसभर व्हिडिओ बघतात, तो व्हिडिओ कुठल्या तरी इमारतीतूनच येणार. मला फक्त चार गोष्टी हव्या होत्या, म्हणून एका सरकारी कार्यालयात माहितीचा अर्ज टाकला. रोजचं मंजूर पाणी किती? सवलती कोणत्या, आणि त्यांची अंदाजे रक्कम किती? करारात गुप्ततेची अट आहे का? आणि आम्हाला आठवड्यातून एक दिवस पाणीकपात असते तेव्हा त्यांना असते का?

चाळिसाव्या दिवशी पाकीट आलं. आत एक कागद, त्यावर दोन ओळी. "मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असून सदर पक्षाने हरकत घेतली आहे. सबब माहिती देता येत नाही." खाली अर्धवट उमटलेला गोल शिक्का. आणि 'सबब'खाली कोणीतरी निळ्या बॉलपेननं रेघ मारलेली. ती रेघ कोणी आणि का मारली याचा मी दोन दिवस विचार करत होते.

बारवी धरणातलं पाणी व्यापारी गुपित कसं झालं, हा माझा साधा प्रश्न आहे. कंपनीच्या सर्व्हरमध्ये काय आहे ते मी विचारलंच नाही. २०२५च्या जानेवारीत दावोसला आपल्या सरकारनं १५.७० लाख कोटींचे सामंजस्य करार केले, त्यात एकट्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा ७१,७९५ कोटींचा. हे आकडे कोटीच्या कोटी अचूक छापून आले. मग त्या बदल्यात आपण काय देणार तो आकडा छापताना शाई का संपते?

कोणाला अनुभव असेल तर लिहा.

---

तिरपागडा

इमारतीला खिडक्या नाहीत आणि तुम्ही आत डोकावायला निघालात.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

थंडगार

ताई, मी याच धंद्यात आहे. कंपनी सांगत नाही, चिलर (इमारत थंड ठेवणारी यंत्रं) बघतो एवढं पुरे. शिव्या खायची तयारी ठेवून दुसरी बाजू लिहितो.

गुप्तता उगाच नसते. एखादी मोठी कंपनी जमीन बघतेय हे कळलं की शेजारच्या प्लॉटचा भाव रातोरात चढतो. कुठल्या इमारतीत किती मेगावॅटची क्षमता कधी येणार हे कळलं तर प्रतिस्पर्ध्याला आयता नकाशा मिळतो. सुरक्षेचा भाग वेगळाच, बँकांचा डेटा असतो. गेटवर पाटी नसते ती त्यामुळे.

पाण्याचं म्हणाल तर सगळी डेटा सेंटर सारखी नसतात. कूलिंग टॉवर असेल तर पाणी वाफ होऊन उडून जातं आणि रोज भरपूर लागतं. हवेवर चालणारे चिलर असतील तर पाणी जवळपास लागत नाही, पण वीज जास्त जाते. म्हणजे पाणी वाचवा म्हटलं की विजेचं बिल वाढतं आणि वीज वाचवा म्हटलं की पाण्याचं. शिवाय नवी मुंबई पालिकेनं कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी रोज २० दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तर प्रक्रिया केंद्रं उभारलीत, तिथलं शुद्ध केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना देण्यासाठी. सगळं बारवीचंच पितात असं नाही.

आणि राज्याराज्यांत चढाओढ आहे हे विसरू नका. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ साली गुजरातला गेला तेव्हा इथेच लोकांनी सरकारला धुतलं होतं. आता सवलतीचा आकडा आधीच जाहीर केला तर दुसरं राज्य एक रुपया जास्त देऊन उचलून नेईल. घासाघीस चौकात बसून होत नाही.

---

खाडीकाठची

@थंडगार, शिव्या कशाला, उलट आभार. घासाघीस चालू असताना बंद दाराआड बसा, मान्य. पण सही झाल्यावर, जमीन ताब्यात गेल्यावर, पाइप टाकून झाल्यावर काय? माझा अर्ज तेव्हाचा आहे. आमच्या मागे टॉवरवालं येतंय की हवेवालं, एवढं सांगायलाही त्रयस्थ पक्षाची हरकत?

---

बोरीबंदरचा भटक्या

+१. तो वेदांता-फॉक्सकॉन गुजरातेत तरी कुठे झाला? २०२३च्या जुलैत फॉक्सकॉननं अंग काढून घेतलं. पळवून नेलेली नवरी मांडवातच बसली नाही आणि आपण अजून रडतोय.

---

निवडुंगांच्या गावात

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, टुसानला राहतो, १४ वर्षं झाली. ताईंचा 'सबब' वाचून मागच्या वर्षीचा आमचा उन्हाळा डोळ्यांसमोर आला, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे 'प्रोजेक्ट ब्लू' नावाचं प्रकरण झालं. नाव हेच, निळा प्रकल्प. कोणाचा, तर सांगायचं नाही. पुढे दिसणारा विकासक बील इन्फ्रास्ट्रक्चर, पण इमारतीत शेवटी सर्व्हर कोणाचे बसणार ते गुलदस्त्यात, कारण काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) अधिकाऱ्यांनी गुप्तता करारावर सह्या केलेल्या. २०२५च्या १७ जूनला पिमा काउंटीच्या मंडळानं ३ विरुद्ध २ मतांनी २९० एकर सरकारी जमीन विकायला मंजुरी दिली. त्यानंतर महिन्याभरानं ॲरिझोना ल्युमिनेरिया नावाच्या स्थानिक बातमीपत्रानं काउंटीचं २०२३ सालचं एक टिपण मिळवलं आणि त्यात नाव निघालं, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस. म्हणजे दावोसचे तुमचेच पाहुणे.

टुसान हे वाळवंटातलं गाव. पाणी कोलोराडो नदीवरून शेकडो मैल कालव्यानं येतं. इथे नळ टपकत राहिला तर शेजारी येऊन सांगतात. अशा ठिकाणी प्रकल्प पहिली दोनेक वर्षं पिण्याचं पाणी वापरणार, मग १८ मैलांची पाइपलाइन टाकून पुनर्वापराचं पाणी घेणार असं कळलं, आणि वणवा पेटला. ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर सभा झाली तिला मी गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा पालिकेच्या सभेला गेलो, मुंबईत असतानाही कधी गेलो नव्हतो. सभागृह भरून लोक बाहेर उभे. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर निळ्या रंगानं पाण्याचा थेंब आणि आत प्रश्नचिन्ह. कंपनीचा माणूस 'आम्ही जितकं पाणी वापरू त्याहून जास्त परत देऊ' म्हणाला तेव्हा त्या पुटपुटल्या, मग आकडा लिहून दे ना बाबा.

६ ऑगस्टला शहराच्या परिषदेनं एकमतानं नाही म्हटलं. जमीन शहराच्या हद्दीत घ्यायची नाही, पाणी द्यायचं नाही.

आता खरी गंमत, खास @थंडगार यांच्यासाठी. विकासक परत आला. शहराबाहेर, त्याच जमिनीवर, पण आराखडा बदलून. हवेवर चालणारं, बंद चक्रातलं कूलिंग, शहराचं पाणी नको. विजेचा करारही राज्याच्या आयोगानं डिसेंबरात मंजूर केला. म्हणजे बिनपाण्याचा आराखडा शक्य होता! दोन वर्षं बंद दाराआड बोलणी चालू होती तेव्हा तो कोणाला सुचला नाही, लोकांना पाण्याचा विषय कळल्यावर काही आठवड्यांत सुचला.

वीज कुठून येणार हा वाद इथे अजून चालूच आहे. आम्ही जिंकलो वगैरे काही नाही.

---

थंडगार

@निवडुंग, मान्य. पण ही निवड पैशाची असते. पाणी स्वस्त असेल तर डिझाइनवाला पाणी निवडतो, त्याला तेच शिकवलंय. पाणी मिळत नाही म्हटल्यावर तोच माणूस दुसरा नकाशा काढतो.

---

खाडीकाठची

म्हणजे पाणी किती आणि कुठल्या दरानं दिलं यावरच इमारत कशी बांधायची ते ठरतं. आणि तेच दोन आकडे मला देता येत नाहीत. सबब.

---

रील_राजा

ज्यांना डेटा सेंटर नको त्यांनी आधी हे संकेतस्थळ बघणं बंद करावं. हा धागाही तिथूनच येतोय. विकासाला विरोध करायची सवयच लागलीय काही लोकांना.

---

तिरपागडा

@रील_राजा, मी रोज वडापाव खातो. म्हणून गाडीवाल्याला 'तेल कधी बदललंस' विचारायचं नाही का?

---

सबस्टेशनकाका

वीज मंडळाचा (जुन्या, २००५ साली तुकडे व्हायच्या आधीच्या) निवृत्त अभियंता. वय ७४. टाइप करायला वेळ लागतो, दोन दिवसांत लिहिलंय.

तुमची ही चर्चा मला ओळखीची वाटते. २० जून १९९२ रोजी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीबरोबर दाभोळच्या वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. कंपनीची माणसं राज्यात येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात वीजखरेदी करार. आम्ही खात्यातली माणसं, पण आम्हालाही तो करार पूर्ण वाचायला मिळाला नव्हता. कँटीनमध्ये आमचं ज्ञान वर्तमानपत्रापुरतं. १९९५ची निवडणूक 'एन्रॉन समुद्रात बुडवू' या घोषणेवर झाली, नवं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि मग वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत आला. १९९९ला वीज सुरू. दर डॉलरशी बांधलेला, वीज घ्या न घ्या स्थिर आकार द्याच. २००१च्या मेमध्ये मंडळानं खरेदी थांबवली. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, आणि कलमांचा अर्थ सर्वसामान्य माणसाला नीट समजला तो तेव्हा, सही होऊन आठ वर्षांनी.

करार वाईट होता हे वेगळं. मला सलतं ते हे की पुण्यातल्या 'प्रयास'सारख्या संस्थेतली चार अभ्यासू माणसं जे गणित बाहेर बसून मांडत होती ते आधी टेबलावर मांडू दिलं असतं तर कदाचित सहीच वेगळी झाली असती.

आता डेटा सेंटरला ते उलटं करून बघा. तिथे आपण वीज घेणारे होतो, इथे देणारे आहोत. एखादी कंपनी म्हणते, मला तीन वर्षांत ३०० मेगावॅट द्या (आकडा उदाहरणासाठी). मग २२० केव्हीचं उपकेंद्र, वाहिन्या, मनोरे सगळं उभं करायचं. ती आलीच नाही किंवा निम्मीच आली तर? उभारलेल्या जाळ्याचा खर्च दरात बसतो आणि तो दर तुम्ही-आम्ही भरतो. म्हणून मी नेहमी विचारतो की कराराखाली किमान आकार किती आणि किती वर्षांचा.

माझा भाचा ओहायोत आहे, त्यानं पाठवलेली माहिती. तिथल्या आयोगानं २०२५च्या जुलैत एईपी ओहायो या वीज कंपनीसाठी नियम केला की २५ मेगावॅटपेक्षा मोठ्या नव्या डेटा सेंटरनं मागितलेल्या क्षमतेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरा न वापरा, १२ वर्षांपर्यंत. नियम झाल्यावर त्या कंपनीकडच्या रांगेतली मागणी ३०,००० मेगावॅटवरून १३,०००वर आली! उरलेली १७,००० कुठे गेली? ती कागदावरचीच होती. एकच कंपनी चार ठिकाणी अर्ज टाकून ठेवते, आमच्या वेळचे कारखानदारही टाकायचे.

आपल्याकडे एक गोष्ट बरी आहे. वीज नियामक आयोगापुढे दराची जनसुनावणी होते. कोणीही जाऊन बोलू शकतो, हरकत लेखी देता येते. मी तीनदा बोललोय. सवलतींना असं व्यासपीठच नाही.

---

निवडुंगांच्या गावात

काका, साष्टांग दंडवत. याचा वेगळा लेख करा.

---

वाल्टेरकर

नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला आहे. इथे गूगलचं येतंय हे सगळ्यांनी वाचलंच असेल. १४ ऑक्टोबर २०२५ला घोषणा झाली, पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर, गिगावॅटच्या मापाचं. त्याआधी सरकारी कागदांत कंपनीचं नाव होतं रायडन इन्फोटेक, गुंतवणूक ८७,५२० कोटी. माझ्या बँकेतल्या सहकाऱ्यांनाही 'ही रायडन कोण' असा प्रश्न पडलेला. जमीन तर्लुवाडा, अडविवरम आणि रांबिल्ली या तीन ठिकाणी.

पण एक गोष्ट आंध्रच्या बाजूनं सांगायला हवी. सवलती सरकारी आदेशात आल्या. त्यामुळे शेजारच्या कर्नाटकातले मंत्री प्रियांक खर्गे २२,००० कोटींच्या सवलती दिल्या म्हणून टीका करू शकले, आंध्रचे मंत्री नारा लोकेश यांनी त्यांना 'आमची गुंतवणूक तिखट आहे, शेजाऱ्यांना झोंबते' अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि दोन्हीकडचे लोक चार दिवस जमीन, पाणी, वीज, जीएसटी यांवर भांडले. आकडा समोर असला तर भांडता तरी येतं. इथल्या ह्युमन राइट्स फोरमनं पाण्याचे आणि पर्यावरणाचे प्रश्नही विचारले. उत्तरं समाधानकारक आहेत असं मी म्हणणार नाही.

उलट उदाहरणही इथलंच. त्याच वर्षी अर्सा क्लस्टर्स नावाच्या, स्थापन होऊन काही महिनेच झालेल्या कंपनीला डेटा सेंटरसाठी सुमारे ६० एकर मंजूर झाले. टीसीएसला २१.१६ एकर ९९ पैशांत दिलेले ताजे होते, त्यामुळे विरोधकांनी हीही ९९ पैशांतच दिली असा आरोप केला. सरकारनं तो फेटाळला आणि दर सांगितला, एका जागेचा एकरी एक कोटी, दुसरीचा पन्नास लाख. दर मंजुरीच्या दिवशीच ठळक सांगितला असता तर अर्धा वाद झालाच नसता. गुप्ततेनं सरकारचंही भलं होत नाही, असलेलं खरंही कोणी मानत नाही.

---

बोरीबंदरचा भटक्या

आपल्याकडची बातमी कशी असते बघा. 'मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या बैठकीत अमुक हजार कोटींच्या प्रकल्पांना मंजुरी, तमुक हजार रोजगार.' गुंतवणूक आली, रोजगार आले. विशेष प्रोत्साहने दिली असंही एखाद्या ओळीत येतं. त्या प्रोत्साहनांची रक्कम भिंग घेऊन शोधा, सापडली तर मला कळवा. आणि रोजगाराचं तर न बोललेलं बरं. आमच्या ओळखीचा एक मुलगा अशाच इमारतीत सुरक्षारक्षक आहे, तो म्हणतो रात्रपाळीत माणसांपेक्षा कॅमेरे जास्त असतात.

---

कोर्टफीस्टॅम्प

आता कामाचं बोलू. मी वकील नाही, पण २००२ साली महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता तेव्हापासून अर्ज करतोय. ताई, तुम्हाला आलेलं उत्तर अपिलात टिकायला नको.

१. त्रयस्थ पक्षाची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. आताच्या, २००५च्या कायद्याच्या कलम ११नुसार अधिकाऱ्यानं पाच दिवसांत त्याला कळवायचं, त्यानं दहा दिवसांत म्हणणं मांडायचं आणि मग *अधिकाऱ्यानं* निर्णय घ्यायचा. 'त्याने हरकत घेतली, सबब नाही' हा निर्णयच नाही. तो निरोप आहे.

२. व्यापारी गुपिताचं कलम म्हणजे ८(१)(घ). तुमच्या पत्रात ते लिहिलेलंही नाही. लिहिलं असतं तरी त्यातच पुढे आहे की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागते.

३. हे लोकांना माहीतच नसतं: कलम ४(१)(ख), तेराव्या बाबीनुसार ज्यांना ज्यांना सवलती, परवाने किंवा अधिकारपत्रं दिली त्यांचा तपशील कार्यालयानं *स्वतःहून* प्रसिद्ध करायचा आहे. कोणी अर्ज करायचीही गरज नाही. वीस वर्षं झाली कायद्याला. अपिलात पहिलं वाक्य हेच घाला.

४. तरीही थोडं गुपित निघालंच तर कलम १० आहे, तेवढं झाकून बाकीचं द्या.

तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पुढच्या वेळी अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करा, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे. तुमचे चार प्रश्न 'चार विषय' म्हणून परत पाठवले नाहीत हे नशीब.

आणि 'पाणी हे गुपित' या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅल्स म्हणून १६,००० वस्तीचं गाव आहे. गूगलनं २००६च्या सुमारास तिथे डेटा सेंटर थाटलं. २०२१ला ओरेगोनियन वर्तमानपत्रानं पाण्याचा आकडा मागितला. गाव म्हणालं, व्यापारी गुपित. जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं आकडा द्या म्हणून आदेश दिला, तर गावानं उलट वर्तमानपत्रावरच खटला भरला! स्वतःच्या पाण्याचा आकडा लपवायला नगरपालिका कोर्टात. तेरा महिन्यांनी, २०२२च्या डिसेंबरात तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. गावाच्या एकूण पाण्यापैकी पावभागाहून जास्त पाणी एकटं गूगल वापरत होतं, पाच वर्षांत वापर जवळपास तिप्पट. आकडे आले म्हणून गूगलनं तिथून गाशा गुंडाळला नाही. उलट आता गूगल स्वतःच ठिकाणनिहाय पाण्याचे आकडे दरवर्षी छापतं. कंपनी स्वतः छापते ते गुपित कसं, हे सुनावणीत विचारा.

---

थंडगार

रात्रभर विचार केला, लिहू की नको. लिहितो.

ताई, अपील करा, पण त्याची वाट बघत बसू नका. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. या प्रकारात जनसुनावणी नसते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पण कागद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर. पत्ता नाही, प्लॉट नंबर टाकून शोधा, कारण नाव बहुधा कोणी कधी न ऐकलेल्या कंपनीचं असेल.

संमतीपत्र उघडलं की पाण्याच्या तक्त्यात तीन ओळी बघा: घरगुती, औद्योगिक कूलिंग, आणि सांडपाण्यात 'ब्लोडाउन'. ब्लोडाउन म्हणजे कूलिंग टॉवरमधून क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी. तो आकडा असेल तर टॉवर आहे. नसेल तर हवेवर. त्याच्याखाली जनरेटर किती, कितीचे आणि डिझेल किती हेही येतं. त्यावरून आतला लोड किती याचा अंदाज कोणीही लावू शकतो, सबस्टेशनकाका तर दोन मिनिटांत लावतील.

म्हणजे एका सरकारी कार्यालयात जे गुपित आहे ते दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पडलंय. सवलतींचा आकडा मात्र तिथे मिळणार नाही. तो खरंच कुठे नसतो.

---

सबस्टेशनकाका

@थंडगार, शाब्बास. जनरेटरची बेरीज पाठवा, ताई. एकूण क्षमतेत राखीव किती हे धरून सांगतो.

---

रील_राजा

एवढं सगळं ऑनलाइन आहे तर मग सरकार लपवतंय ही बोंब कशाला?

---

कोर्टफीस्टॅम्प

@रील_राजा, एक कागद परिवेशवर, एक प्रदूषण मंडळाकडे, जमिनीचा दर एमआयडीसीच्या दरपत्रकात, आयटी धोरण २०२३च्या शासन निर्णयात आणि प्रत्यक्ष दिलेली सूट उपसमितीच्या इतिवृत्तात. पाच दारं, त्यातलं शेवटचं कुलूपबंद. याला उघडं घर म्हणत असाल तर तुमचा पत्ता द्या.

---

खाडीकाठची

सापडलं!!

काल रात्री साडेअकरा ते दोन बसले होते. कंपनीच्या नावानं काहीच मिळेना, थंडगार म्हणाले तसं प्लॉट नंबर टाकला आणि नवव्या पानावर भलत्याच नावानं संमतीपत्र निघालं. त्याच्या तिसऱ्या पानावर तक्ता. ब्लोडाउनची ओळ आहे. म्हणजे टॉवर. घरगुतीपुढे जेमतेम आकडा आणि कूलिंगपुढचा बघून मी चष्मा पुसून परत वाचला. जनरेटरची यादी दीड पान आहे, काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

अपील आधीच टाकलंय, पहिलं वाक्य कलम ४(१)(ख). या संमतीपत्राची प्रिंट काढून सुनावणीसाठी ठेवलीय. पाण्याचा प्रश्न आता मी 'माहिती द्या' असा विचारणारच नाही. 'तुमच्याच सरकारच्या दुसऱ्या कार्यालयानं प्रसिद्ध केलेली माहिती तुम्ही कोणत्या कलमाखाली नाकारली ते लेखी सांगा' असा विचारणार. सवलतींच्या रकमेचा तेवढा खरा सामना आहे.

---

बोरीबंदरचा भटक्या

अहो पण आकडा किती? इथे टाका की.

---

खाडीकाठची

सुनावणी होईपर्यंत नाही टाकत. आधी टाकला तर ते तयारी करून येतील. तिथे समोर ठेवीन तेव्हा चेहरे बघायचेत.

---

तिरपागडा

म्हणजे तुम्हीपण गुप्तता करारावर सही केलीत तर!

---

खाडीकाठची

:-D केली. मुदत मंगळवार, सकाळी साडेअकरापर्यंत. ठाण्याला सुनावणी आहे, दुसरा मजला. कोर्टफीस्टॅम्प, तुम्ही येताय ना?

---

कोर्टफीस्टॅम्प

येतो. संमतीपत्राच्या दोन प्रती जास्त आणा, एक त्या 'सबब'खाली रेघ मारणाऱ्यासाठी.